पोस्टकार्डातली विनोदिनी

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या शारदाबाई बोधनकर म्हणजे भल्याभल्यांना पुरून उरणारी बाई. पंडरीच्या कापडबाजारातल्या साडीवाल्या शेटनं "दीदी, फॉल टेढ़ा लगा है" असं म्हणायचा अवकाश, की त्याला गादीवरून उठवून उजेडात न्यायची आणि फॉल सरळ असल्याचं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. गल्लीत सांड आडवा बसला तर लोक वळसा घालून जात; शारदाबाई त्यालाच उठवत. अशी ही बाई दोन हजार दोनच्या डिसेंबरात एका पोस्टकार्डाला घाबरली. घाबरली म्हणजे काय, धाबं दणाणलं तिचं!

तिचा नवरा नरहरी फौजेत होता. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून ती सतराव्या वर्षी रायपूरला सून होऊन आली, आणि एकोणिसाव्या वर्षी, एकाहत्तरच्या लढाईत, नवरा गेला. दोन सुट्ट्या मिळून सहवास किती, तर एकोणपन्नास दिवस. मूलबाळ नाही. नरहरीची पत्रं सासऱ्यांच्या नावानं यायची, सासरे ती बैठकीत मोठ्यानं वाचायचे, आणि शेवटी 'सर्वांना नमस्कार' असायचा. त्या सर्वांत आपणही आलो, एवढ्यावर ही बाई खूश! तिला स्वतःला तेव्हा अक्षर येत नव्हतं. चाळिशीत साक्षरता वर्गाला जाऊन, पोराटोरांचं हसू सोसून, ती वाचायला शिकली.

आणि वाचता आलं म्हणूनच घात झाला.

नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. राजधानी नवी, त्यामुळे दर आठवड्याला कुठला ना कुठला सत्कार. सोळा डिसेंबरला सैनिकांचा आणि शहिदांच्या घरच्यांचा सन्मान ठरला, यादी पेपरात आली, आणि आठ दिवस आधी दुपारी हे कार्ड पडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. शारदाबाईंनी उंबऱ्यातच उभं राहून एकेक अक्षर जुळवत वाचलं:

"नरहरीच्या घरच्यांस. पेपरात नाव वाचलं. मी त्याच्याच प्लाटूनचा, श्यामराव वानखडे, नागपूर. सोळा तारखेले तिथं येऊन राहिलो. विनोदिनीबाईले नक्की आणा. नरहरीनं जाता जाता तिचंच नाव घेतलं. तिच्यासाठी निरोप हाय, तो तिलेच सांगीन."

दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. अक्षरं काही बदलेनात. विनोदिनी? ही कोण भवानी? तिथंच बसल्या बाई.

कार्ड त्यांनी शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली दडवलं. पण मनातून कुठं दडवणार? नरहरी दीड वर्ष जबलपूरला होता. तिथली असेल. दवाखान्यातली नर्स असेल. कदाचित आपल्या आधीची असेल, रीतसर लग्नाची असेल, आणि आपणच मधे येऊन बसलो असू! एकतीस वर्षं ज्याच्या फोटोला हार घातला, त्याच्या ओठावर मरताना दुसरीच होती. मग आपण कोण? आणि ती बाई सोळा तारखेला भरल्या सभेत उभी राहिली तर?

त्या आठवड्यात शारदाबाईंच्या हातून दोन साड्यांचे फॉल उलटे लागले. पंडरीत पन्नाशीची कोणी नीटनेटकी बाई दिसली की त्या टक लावून पाहत राहत. दार वाजलं की आधी खिडकीतून पाहत, मगच कडी काढत. एकदा जेवताना धीर करून त्यांनी धाकट्या दिराला विचारलं, "भाऊजी, तुमचे दादा जबलपूरले होते ना, तिथं त्याइच्या ओळखीचं कोणी होतं का?"

"काहून?" दिवाकर ताटातून मान वर करत म्हणाला.

"काही नाही. असंच."

दिवाकरची कॉलेजातली मुलगी सोनिया मात्र बघत होती. "मोठीआई, आपको हुआ क्या है? रात को उठ-उठ के बैठती हो." पोरगी मराठी समजते सगळं, उत्तर मात्र हिंदीत. शारदाबाई म्हणाल्या, "पित्त झालं," आणि उठून गेल्या.

कार्यक्रमाला जायचंच नाही, असं त्यांनी पंधरा तारखेपर्यंत पक्कं केलं होतं. सोळाच्या सकाळी डोक्यात आलं, आपण गेलो नाही तर ती आपल्या खुर्चीवर बसेल! वा रे वा! बाईंनी पांढऱ्या काठाची साडी नेसली आणि सोनियाला स्कूटर काढायला लावली.

सभागृहात पुढच्या दोन रांगा शहिदांच्या घरच्यांसाठी होत्या. शारदाबाईंच्या शेजारी एक किडकिडीत बाई येऊन बसली. झालं! ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन मिनिटं दम धरून विचारलं, "बहनजी, आपका नाम?"

"सुकवारो बाई," ती म्हणाली. "मोर बेटा रहिस."

"जबलपूर की नहीं ना?"

"नइ वो, धमतरी कोती के."

ती धमतरीकडची निघाली. शारदाबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लाज वाटली. हिचा मुलगा गेला, आणि आपण सुटलो म्हणून खूश होतो, काय बाई आहोत आपण!

एवढ्यात मागून आवाज आला. छातीवर पदकं लावलेला, पाय ओढत चालणारा एक उंच म्हातारा रांगेरांगेशी थांबत विचारत येत होता, "विनोदिनी बोधनकर? विनोदिनीबाई आल्या का?" बोधनकर! म्हणजे आडनावही लावते! शारदाबाईंनी पदर तोंडावर घेतला.  म्हातारा नेमका समोर येऊन थांबला.

"तुमी नरहरीच्या घरच्या का?"

"मी त्याइची बायको," त्या म्हणाल्या. "शारदा. अन् ते विनोदिनी कोण आहे ते सांगून टाका आता. आठ दिवस झाले, घास उतरत नाही मले. कुठली आहे ते?"

 श्यामराव जड पाय सावरत हळूच शेजारच्या खुर्चीवर बसले.

"वहिनी, लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नाव लिवलं होतं का नाही तुमचं?"

"लिहिलं ना."

"काय लिवलं?"

"मले कुठं वाचता येत होतं तेव्हा! मान खाली घालून बसली होती मी. सासूबाईनं सांगितलं, शारदा."

"त्यानं विनोदिनी लिवलं होतं." श्यामराव म्हणाले. "लग्न ठरवायले आला तेव्हा म्हणे तुमी कशाले तरी खुदकन हसल्या होत्या. म्हणून विनोदिनी. तुमच्या सासूनं वाचलं, म्हणे हे काय नाटकवालीचं नाव, अन् हात फिरवून तांदूळ सारखे केले. गोळ्यांपुढं उभा राहायचा तो वहिनी, पण आईपुढं तोंड उघडलं नाही त्यानं. कागदावर शारदाच लिवत होता. आमच्यात बोलताना मात्र सदा विनोदिनी. त्यानं नाही तरी एवढ्या वर्षांत घरच्यांनी सांगितलं असन, असं वाटलं मले. तुमाले कोणीच सांगितलं नाही का?"

"अकरा माणसांचं घर होतं," शारदाबाई म्हणाल्या. "'अवो, ऐकलं का' म्हणत ते. नाव कुठं घेत होते!"

"पुढच्या सुट्टीत सांगीन, म्हणे." श्यामरावांनी डोळे पुसले. "गोळी लागली तेव्हा माझ्या मांडीवर डोकं होतं. मले म्हणाला, श्याम, तिले तिचं नाव सांग. एवढाच निरोप. अन् मले यायले एकतीस वर्षं लागली. तो गेला अन् मी वाचलो, हे तोंड तुमाले कसं दाखवू? भ्यालो होतो मी, वहिनी."

मंचावरून पुकारा झाला, "श्रीमती शारदा बोधनकर." सोनिया मागून वाकली, "मोठीआई, उठो ना, आपका नाम ले रहे हैं." शारदाबाई उठल्या नाहीत. पुन्हा पुकारा झाला. त्यांनी श्यामरावांची बाही धरली.

"ते कसं म्हणत होते? एकडाव म्हणून दाखवा."

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. मग तरण्या शिपायाच्या आवाजात, हलक्यानं, हाक मारली, "विनोदिनी!"

पन्नाशीच्या शारदाबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "ओ."