पहिली रिकामी फेरी

आमच्या भागूबाईनं मालकांना भर गर्दीत "नाही" म्हटलं, हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "उन्हानं तुझं डोकं फिरलंय." आईचा तरी काय दोष? मी तिथेच होते, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, तरी माझाच अजून धड विश्वास बसत नाही.

भागूबाई म्हणजे माझी मावशी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर आता तीच मागे वळून बघेल, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. पाल दिसली की ही पलंगावर, ढग गडगडले की पलंगाखाली. फोन वाजला की आधी दचकते, मग आजूबाजूला बघते, मग दुसऱ्या कोणाला तरी उचलायला सांगते. एकदा चपला घ्यायला मोठ्या दुकानात गेलो, तर चपला वरच्या मजल्यावर आणि वर जायला सरकता जिना. ही जुन्याच चपला घालून घरी परत. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारा लंगडा कुत्रा पडलेला असतो. तो भुंकल्याचं कोणाला आठवत नाही, पण माझा हात धरल्याशिवाय मावशी त्याच्यासमोरून जात नाही. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" असं म्हणून आई हात जोडते.

आणि ही बाई नोकरी काय करायची, तर आकाशपाळणा चालवायची!

हसू नका. मावशीचे यजमान खेळांच्या बागेत पाळण्यावर होते. ते गेल्यावर मालकांनी ती जागा मावशीला दिली. तो त्यांचा चांगुलपणा मी नाकारत नाही. मावशी पाळण्यात मुलं बसवायची, त्यांच्या मांडीवरून लोखंडी दांडा खाली ओढायची, कडी लावायची आणि मग तोच दांडा दोन्ही हातांनी हिसकून बघायची. नुसतं बघून तिचं कधी समाधान झालं नाही. एका बाजूच्या खुर्च्या भरून दुसरी बाजू रिकामी ठेवायची नाही, समोरासमोर वजन सारखं हवं, म्हणून दोन मैत्रिणींना ती खुशाल वेगळं करायची आणि त्यांची रडारड निमूट ऐकून घ्यायची. बागेच्या तिकीट खिडकीत मी बसते. माझ्या खिडकीतून पाळणा समोरच दिसतो, त्यामुळे हे सगळं मला तोंडपाठ होतं.

तिची एक खोड मात्र कोणाला कळत नव्हती. सकाळी फाटक उघडायच्या आधी, ग्रीस लावून झालं आणि हातोडीनं सगळे बोल्ट ठोकून झाले की ती शेजारच्या झुलेवाल्याला हाक मारायची, "भाऊ, जरा हँडल धरा," आणि स्वतः पाळण्यात बसून एकटीच एक फेरी मारायची. तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडलेला असायचा. उतरली की पाय लटपटायचे. आम्ही खालून हसायचो. "भागूबाई डोळे मिटून देवाचा धावा करतेय," झुलेवाला म्हणायचा. मला वाटायचं, हिला कोणीतरी लहानपणी देवाची अशी काही दहशत घातली आहे, की ही रोज स्वतःला शिक्षा करून घेते.

दहशतीवरून आठवलं. आमचे मालक मंडळीचे वडीलही आहेत, म्हणजे चर्चच्या कारभारात त्यांचा शब्द चालतो आणि उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा मानही त्यांचाच. त्यांचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी चालतो. एका रविवारी त्यांनी बायबलमधला तो भाग वाचला, जिथे डोंगर धुमसतोय, विजा कडाडताहेत आणि लोक लांब उभे राहून थरथरताहेत. त्यांचा पुढारी मोशे त्यांना सांगतो, भिऊ नका. देव आलाय तो तुम्हाला त्याचं भय राहावं म्हणून, तुमच्या हातून पाप होऊ नये म्हणून. मालकांनी "भय" हा शब्द असा काही गडगडवला की पुढच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं.

घरी येताना मी मावशीला म्हटलं, "एकाच दमात भिऊ नका आणि भय राहू द्या! मोशेनं काय ते एकदा ठरवावं."

"दोन्ही भीती वेगळ्या आहेत गं," मावशी म्हणाली. तेवढ्यात कोपरा आला. तिनं माझा हात घट्ट धरला आणि कुत्रा मागे पडेपर्यंत ती बोललीच नाही. मग म्हणाली, "आता बघ. या कुत्र्याची भीती वाटली की मला पळावंसं वाटतं. देवाची वाटली की पळावंसं वाटत नाही."

"मग काय वाटतं?"

"तू झालीस ना, तेव्हा ताईनं तुला माझ्या हातात दिलं. माझे हात असे लटलट कापत होते! तू काय मला चावणार होतीस? पण जीव दुसऱ्याचा, आणि हात माझे. तशी भीती. खाली ठेवून पळताही येत नाही, आणि पळावंसं वाटतही नाही."

मी हसले. म्हटलं, हिला कशाचीही भीती वाटू शकते, तान्ह्या बाळाचीसुद्धा. विषय तिथेच संपला.

मग तो दिवस आला.

शाळेची सहल होती. फाटकाबाहेर मुलांचा नुसता चिवचिवाट चाललेला. मालक स्वतः हजर, कारण एवढी गर्दी बऱ्याच दिवसांनी जमली होती. मावशी पहिल्या फेरीवरून उतरली आणि सरळ खांबाकडे गेली. तिनं मोठा स्विच खाली ओढला, चावी काढून मुठीत धरली आणि मालकांना म्हणाली, "आज नाही."

"काय नाही?"

"वरून खाली येताना आवाज आला. टक् असा. आज लेकरं बसवायची नाहीत."

मालकांनी लगेच मिस्त्रीला बोलावलं, हेही खरं सांगायला हवं. मिस्त्री पाना घेऊन वर चढला, ठोकून पाहिलं, पिळून पाहिलं. मावशीकडून चावी घेऊन पाळणा रिकामा फिरवला, पुन्हा फिरवला. कसलाच आवाज नाही. "सगळं ठणठणीत आहे, मालक," म्हणून त्यानं चावी तिच्या हातात परत दिली आणि हात पुसले. एव्हाना मुलं आत आली होती आणि पाळण्यासमोर रांग लागली होती.

"ऐकलंस ना?" मालक हसून म्हणाले. "कानात वारं गेलं असेल तुझ्या. चल, बसव मुलांना."

"नाही."

माझ्या हातातली तिकिटं तशीच राहिली. झुलेवाला आ वासून बघत होता. मला पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलेली सुइणींची गोष्ट आठवली. राजानं जन्मलेले मुलगे मारायचा हुकूम काढला, पण सुइणी देवाला भ्यायच्या, म्हणून त्यांनी राजाचं ऐकलं नाही. मला ती गोष्ट कधी पटलीच नव्हती. सुईण कुठे राजाचा हुकूम मोडते काय? आणि इथे फोन उचलायला घाबरणारी माझी मावशी हँडलपुढे आडवी उभी होती.

मालकांचा चेहरा लाल झाला. "मिस्त्रीला जास्त कळतं की तुला?"

"त्यांनाच कळतं," मावशी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "पण आवाज मी ऐकलाय. आता ऐकला नाही असं कसं करू?"

"सगळ्यांसमोर मला उलट बोलतेस? मंडळीत इतकी वर्षं बसतेस, देवाचं भय म्हणून काही आहे की नाही?"

"मालक, मला तुमचीसुद्धा फार भीती वाटते," मावशी म्हणाली, आणि ते दिसतच होतं, कारण आता ती रडत होती. "पण त्याची जास्त वाटते."

शिक्षिका बाईंनी प्रसंग ओळखला आणि मुलांना छोट्या गाडीकडे वळवलं. मालक दातओठ खात म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मावशीनं चावी पुढे केली. ती निसटून खाली पडली. तिनं उचलली, धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिली. मी आतल्या आत संतापले, मालकांवर आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही. आवाज नाही, बोल्ट घट्ट, मिस्त्री शहाणा. मग कशासाठी हा हट्ट? हातची नोकरी एका "टक्" साठी घालवली!

संध्याकाळी आई तिला फाडफाड बोलली. मावशी खाली मान घालून ऐकत होती. आई दम घ्यायला थांबली, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "उद्या पहिल्या फेरीला कोण बसेल गं?"

आईनं कपाळावर हात मारला. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच शाळेचे दुसरे वर्ग येणार होते. हँडलवर झुलेवाला. मी त्याला विचारलं, "रिकामी फेरी?" तो मालकांकडे बघून म्हणाला, "रिकामं फिरवायला वीज काय फुकट येते? मिस्त्रीनं बघितलंय की काल." मालक फाटकाशी उभे राहून घड्याळ बघत होते. मला काय झालं कोणास ठाऊक. डोक्यात राख घालून मी खिडकीतून उठले, पाळण्यात जाऊन बसले, दांडा ओढला आणि म्हटलं, "फिरवा."

उंचीची मला भीती नाही. मी मजेत वर गेले. अगदी वर पोचल्यावर पाळणा क्षणभर थांबल्यासारखा होतो. तिथे मी खाली पाहिलं.

तिथून फाटकाबाहेरची सगळी रांग दिसते. खिडकीतून मला रोज मुलं दिसतात, पण एका वेळी एकच चेहरा आणि पुढे केलेला हात. वरून सगळी एकदम दिसली. कोणी दुसऱ्याच्या पाठीवर चढतंय, कोणाची नाडी सुटलीय, एक मुलगी मान वर करून थेट माझ्याकडे बघतेय. ही सगळी आता इथे येऊन बसणार. मी बसले होते तिथे, या दांड्यामागे. माझे हात कापायला लागले. म्हणजे मावशीनं डोळे कधी मिटलेच नव्हते! रोज सकाळी ती इथे येऊन, डोळे सताड उघडे ठेवून हे बघत होती, आणि आम्ही खाली दात काढत होतो.

खाली येताना आवाज आला का? शपथेवर सांगते, मला ठाऊक नाही. माझं काळीजच एवढ्या जोरात ठोकत होतं.

मालक जवळ आले. "काय, ठीक आहे ना?"

"हो" म्हणायचं, बस्स. एवढंसं काम. पण माझी हातभर लांब जीभ टाळूला चिकटली. मी नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वळून फाटकाकडे पाहिलं, पुन्हा पाळण्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझीही नोकरी गेली.

मालकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि मला उतरायला सांगून माझ्या जागेवर बसले. इतकी वर्षं पाळण्याचे मालक, पण त्यात ते कधी बसले नव्हते. "फिरव," ते झुलेवाल्याला म्हणाले. मी खाली उभी राहिले. वर पोचल्यावर ते खाली वाकून बघताना दिसले. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. खाली आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी स्वतःच्या हातानं "पाळणा बंद आहे" ची पाटी लावली आणि मला म्हणाले, "मावशीला घेऊन ये. म्हणावं, आवाज कुठल्या बाजूला आला ते मला दाखव." एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

नंतर बरेच दिवस पाळणा बंद होता. सगळे बोल्ट, सगळ्या पिना काढून नव्या बसवल्या. जुन्यांत काही खोट सापडली की नाही, ते मालकांनी सांगितलं नाही आणि मावशीनं विचारलंही नाही.

त्या सकाळी मात्र मी धापा टाकत घरी पोचले. मावशी भांडी घासत होती. मी म्हटलं, "चल, मालकांनी बोलावलंय."

तिच्या हातातलं भांडं निसटलं. "अगं बाई! आता काय चुकलं माझं? रागात आहेत का? मी आजारी आहे म्हणून सांग ना!"

मी बघतच राहिले. हीच का ती?

"रागात नाहीत," मी म्हटलं. "चल."

तिनं हात पुसले, चपला घातल्या, दारापर्यंत आली आणि थबकली.

"तू येतेयस ना बरोबर?" ती म्हणाली. "कोपऱ्यावर तो कुत्रा असेल."

मी तिचा हात धरला. खरं म्हणजे त्या दिवशी मीच तिच्या आधारानं चालत होते.