काकांच्या एक्क्यावर माझी मेंढी

मेंढीकोट मला येत नाही. वीसेक वर्षं दर रविवारी दुपारी खेळतो, ही गोष्ट वेगळी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौघं जण दोन-दोनच्या जोड्या करून पत्ते खेळतात. दहाच्या चार पानांना मेंढ्या म्हणायचं, आणि ज्या जोडीने जास्त मेंढ्या पकडल्या ती जिंकली. चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट लागतो. कोट लागलेल्याने पुढचा आठवडा गावात मान खाली घालून फिरायचं. लोणखेड्यात मी बरीच वर्षं तसाच फिरतोय. नव्या लोकांना वाटतं, माणूस स्वभावाने नम्र आहे.

आमची चौकडी अशी. मी आणि माझे भिडू म्हणजे शहाद्यातले कापडवाले मारवाडी शेठ. समोरच्या जोडीत माझे काका आणि त्यांचे व्याही. हे व्याही मूळचे रनाळ्याचे, आता शहाद्यातच राहतात. व्याह्याला कधी भिडू करू नये असं माझं मत आहे, कारण त्याला शिवी देता येत नाही. व्याह्यांनी भलतंच पान टाकलं की काका घशाशी आलेलं गिळून म्हणायचे, ‘‘याही, राणी टाकी ते चांगलंच कयं तुम्ही. पन गुलाम टाकता तं आखो चांगलं व्हतं.’’

काका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काकांनी गोळ्या घेतल्या, अर्धा भरलेला चहाचा कप चालवून घेतला, शर्टाची बटणं काकूंकडून लावून घेतली. पण तेरा पानांचा पंखा थरथरत्या हातात राहत नाही. तो वाकडा व्हायचा आणि सगळी पानं दिसायची. तेव्हा व्याही सभ्यपणे छताकडे बघायचे आणि शेठ नेमके बघू नये तिथे बघायचे. एका रविवारी काकांच्या हातातून इस्पिकची मेंढी उताणी पडली. आमच्यात एरवी एवढ्यावर अर्धा तास भांडण झालं असतं. त्या दिवशी शेठनी पान हळूच उलटं करून त्यांच्याकडे सरकवलं.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. निरोप आला, डोळे दुखतात. त्याच्या पुढच्या रविवारी शेतात काम निघालं. मी घरी गेलो तर ओट्यावर नुसते बसलेले.

‘‘काका, तुम्हनाबिगर खेळ व्हत नही.’’

‘‘मंग नका खेळू,’’ काका म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले.

मी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो. तिथल्या पोरांनी मला एक सॉफ्टवेअर दाखवलं होतं. ते पडद्यावर एक टेबल मांडतं. त्यावर नकाशे, फासे, पत्ते, काय हवं ते ठेवा. एक भिडू पुण्यात, एक सुरतेला, एक आणखी कुठे, असे लांबलांबचे लोक त्या टेबलाभोवती बसून खेळतात. माझ्या डोक्यात आलं की यात ज्याची पानं त्यालाच त्याच्या पडद्यावर दिसतात. हातात काही धरावंच लागत नाही. मग एकाच खोलीत बसून का खेळू नये?

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो. सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर, शेजारी एक जुना राउटर, आणि त्यावर सगळ्यांचे फोन जोडलेले. बाहेरचं इंटरनेट लागत नाही, सगळं खोलीतल्या खोलीत. टेबलाचा मधला भाग, जिथे पानं पडतात, तो टीव्हीवर. हौसेने मी सगळ्या सूचनासुद्धा मराठीत करून घेतल्या. व्याह्यांना मात्र शेवटपर्यंत एकच शंका होती, ‘‘इंटरनेट नही शे, तं चालस कसं?’’

बायकोची शंका निराळी होती. ‘‘चार माणसं एका खोलीत बसणार आणि एकमेकांची तोंडं सोडून टीव्ही बघणार. मग आपापल्या घरीच बसा ना. माझा चहा तरी वाचेल.’’

काकांना मी कसंबसं आणलं. पहिला रविवार साफ फसला. काकांचं बोट फोनवर एकदा टेकायचं ते तीनदा टेकलं आणि तीन पानं एकदम टेबलावर पडली. व्याही सवयीने म्हणाले, ‘‘वा याही!’’ काकांनी फोन पालथा ठेवला आणि चपला शोधायला लागले. त्यातच शेठनी टाकलेली पानं परत उचलायचा सपाटा लावला होता. त्यांना आवर घालायला मी त्याच दिवशी कुलूप लावलं, की पडलेलं पान कोणालाही परत घेता येणार नाही, डावही पुसता येणार नाही. कोणालाही म्हणजे मलाही, हे तेव्हा सुचलं नाही.

थरथरत्या बोटाला काच चालत नाही, बटण चालतं, एवढं मला कळलं. घरात एक जुना कीबोर्ड पडला होता. त्यातली तेरा बटणं ठेवली, एक सोडून एक, आणि एक एंटरचं. बाकीची उचकटून काढली. ज्या पानाचं बटण दाबाल ते पान पडद्यावर वर उचललं जातं. बोट कितीही नाचलं तरी एंटर दाबेपर्यंत ते पडत नाही. म्हाताऱ्याच्या बोळक्या तोंडासारखा दिसणारा तो कीबोर्ड घेऊन मी काकांकडे गेलो. पुन्हा एक आठवडा विनवण्या केल्या. ‘‘शेवटलं,’’ म्हणून काका आले.

आणि जमलं! काका एंटर असा हाणायचे की टीपॉय हलायचा. दोन रविवार ते लागोपाठ जिंकले. शेठ आणि मी लागोपाठ हरलो. मी खूश होतो. हरून खूश होणं हे आपल्याला महागात पडू शकतं, हे मला तिसऱ्या रविवारी समजलं.

त्या दिवशी काका-व्याह्यांकडे तीन मेंढ्या जमल्या होत्या. चौथी, बदामाची, माझ्याकडे. हातात बदामाची दोनच पानं, तिर्री आणि मेंढी. काकांनी बदामाचा एक्का टाकला. एक्क्याखाली तिर्री सोडायची, हे शाळकरी पोरालाही कळतं. मलाही कळलं. पण मी पानं आपोआप सरकून जुळतील अशी सोय करून ठेवली होती. आधीच्या फेरीत एक पान गेल्यामुळे बाकीची सगळी एकेक घर डावीकडे सरकली होती. माझा अंगठा तिर्रीच्या जुन्या जागेवर आणि नजर टीव्हीवर. दाबलं.

टीव्हीवर काकांच्या एक्क्यावर माझी मेंढी पडली. चार मेंढ्या. कोट.

मला वाटलं काका ओरडतील, मांडीवर थाप मारतील. ते टीव्हीवरची ती मेंढी निरखत राहिले. मग म्हणाले, ‘‘जानीबुजीसन टाकी ना तू?’’

‘‘नही काका, चुकनं.’’

‘‘इतलं कोनी चुकस का? तुन्हाच लॅपटॉप शे. तुले समदासना पानं दिसतस. आते कळनं माले, मी दोन रविवारपाईन कसा जिकी ऱ्हायनू ते.’’ ते उठले. ‘‘माले लहान पोऱ्या समजस का? दया करस?’’

पाय चपलांकडे वळले. मागच्या वेळी त्यांना त्यांच्या हाताने खेळातून उठवलं होतं. आज ते आमच्यामुळे उठत होते, आणि असं गेलेलं माणूस परत येत नाही. बरं, बाजू मांडायची तर काय मांडायची? मी मूर्ख आहे, हे सिद्ध करायचं. आयुष्यभर उलट बाजूने भांडलो होतो, त्यामुळे मुद्देच सुचेनात.

शेठ मदतीला धावले. ‘‘काका, हा चुकतो. कसम से चुकतो! वीस वर्षं मी याचा भिडू आहे. माझ्या एक्क्यावर याने हुकूम मारलाय. मी राजा टाकला तर याने वरून एक्का टाकलाय. याच्यापायी माझं ब्लडप्रेशर वाढलंय.’’

‘‘तुम्ही बी सामील शेतस, शेठ,’’ काका म्हणाले. एक चप्पल पायात गेली.

एवढ्यात व्याही, जे काकांना कधी उलट बोलत नाहीत, टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘याही, आठे कडीले काय लिखेल शे?’’

टीव्हीच्या कडेला बारीक अक्षरांत एक पट्टी होती. कोणी कधी काय केलं याची नोंद सॉफ्टवेअर तिथे ठेवतं. ती झाकायची असते. मी विसरलो होतो. व्याही चष्मा वर करून, पाढे म्हणावेत तसं मोठ्याने वाचायला लागले.

‘‘भिडू तीन. बदाम दहा टाकलं. भिडू तीन. पान परत मागितलं, नाकारलं. भिडू तीन. पान परत मागितलं, नाकारलं. भिडू तीन. पान परत...’’ असं सात वेळा.

भिडू तीन म्हणजे मी. पान पडल्यापासून काका तोंड उघडेपर्यंत मी गरीब चेहरा करून फोन मांडीखाली धरला होता आणि अंगठ्याने जे सापडेल ते बटण दाबत होतो.

‘‘व्याहीबुवा, पुरे,’’ मी म्हणालो, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

‘‘भिडू तीन,’’ व्याही वाचतच होते, ‘‘सगळं टेबल पुसायला सांगितलं, नाकारलं. भिडू तीन. डाव रद्द करायला सांगितलं, नाकारलं. भिडू तीन. पुन्हा टेबल पुसायला...’’

काका टीव्हीकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ती थरथर निराळी होती.

‘‘आरे हाऊ तं चोर शे!’’ काका ओरडले. ‘‘याही, देखा! कोट लागना तं टेबलच पुशी ऱ्हायंता!’’

‘‘मी काय म्हणत होतो?’’ शेठ म्हणाले. ‘‘चोर, आणि वरून बेअक्कल.’’

‘‘दया करनारा टेबल पुसत नही,’’ काकांनी निकाल दिला आणि चप्पल काढली.

चोर ठरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. स्वयंपाकघरातून बायको हसत होती. ती जरा जास्तच हसत होती, पण त्या दिवशी मी तेही चालवून घेतलं. मी भिंतीला टेकून बसलो आणि पुढचा डाव वाटायला मला दोनदा सांगावं लागलं.

अंधार पडायच्या आत चार डाव झाले. दोन आम्ही जिंकलो, तेही शेठमुळे. शेठनी भिडू बदलून मागितला तेव्हा काका व्याह्यांकडे बघून म्हणाले, ‘‘याले लेनार कोन?’’

जाताना काका दारात थांबले. हात खिशात घालायचा प्रयत्न केला, तो जाईना, मग सोडून दिला.

‘‘पुढला रविवारे दोनले नको,’’ ते म्हणाले. ‘‘अकराले बठू. सकायले मन्हा हात जरासा बरा ऱ्हास.’’

इतक्या महिन्यांत त्यांनी आपल्या हाताचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. माझ्या तोंडाशी बरंच काही आलं. पण पडलेलं पान परत घेता येत नाही, हा अनुभव लक्षात घेऊन मी फक्त ‘‘बरं काका’’ म्हणालो.