टाचा उचलून गेलेली सुमी

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी जन्मभर दारातूनच कटवलंय. आमचं बौद्ध घर; अंगारा, उतारा असलं काही उंबऱ्याच्या आत आलंच नाही. त्यात मी इंग्रजीचा मास्तर! पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा...

बहात्तरच्या दुष्काळात मी अणदूरजवळच्या एका खेड्यात होतो. सहावीचा वर्ग सोसायटीच्या गोदामात भरायचा. पेरणीच नव्हती, तर खत-बियाणं कुठलं? गोदाम रिकामंच होतं. आया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, म्हणून थोरल्या पोरी धाकटी भावंडं कडेवर घेऊन वर्गात यायच्या. मी आधी लई ओरडलो, मग गप्प बसलो.

वर्गातल्या शांताची तीन वर्षांची बहीण सुमी एक दिवस तापानं फणफणली होती. मागच्या भिंतीशी पोत्यावर निजवलेली. त्यांची माय सकाळी म्हणाली, "गुरुजी, दुपारच्याला सुट्टी मागून येते अन् यष्टीनं दवाखान्यात नेते. तवर नजर ठिवा."

पोरीची झोप मोडू नये म्हणून मी धडा बाजूला ठेवला आणि पाय न वाजवता चालण्याची क्रियापदं घेतली. टिपटो म्हणजे टाचा उचलून चालणं, क्रीप म्हणजे दबकत सरकणं, स्नीक म्हणजे कुणाला न कळता सटकणं. एकेकानं मागच्या भिंतीपासून दारापर्यंत तसं जाऊन दाखवायचं. बघणाऱ्यानं आवाज काढला की तो बाद! पोरं तोंड दाबून खुदुखुदु हसत होती. त्या वर्षात वर्ग हसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

तेवढ्यात सुमी उठली. टाचा उचलून, एक हात भिंतीला लावत, सगळ्यांच्या देखत दाराकडं निघाली. मला कौतुकच वाटलं — ताप उतरला वाटतं पोरीचा! मी मान हलवून शाबासकीसुद्धा दिली. शांता तोंडावर हात दाबून हसत होती. बाद होईल म्हणून तिनं हाक मारली नाही. कुणीच मारली नाही. सुमी दारातून उन्हात गेली.

"अगं जा, आण तिला," मी शांताला म्हणालो. ती उठली, मागं वळली आणि जागीच थांबली.

"गुरुजी... सुमी हितंच हाय की."

पोत्यावर होती. मी धावलो. अंग गार लागलं. हाका मारल्या, तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं... सगळं फुकट. एवढीशी पोर हो, आणि मला काहीच करता येईना. नुसता तिला मांडीवर घेऊन बसलो.

उन्हानं भास झाला म्हणावं, तर एकट्याला होईल. अख्ख्या वर्गाला कसा? पोरांना मी एकेकटं विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, भिंतीला लावलेल्या हातासकट. कितीही डोकं खाजवलं तरी मला याचा उलगडा झालेला नाही.

माय आली, तेव्हा पोरांनीच तिला सगळं सांगितलं. ती सुमीला उराशी धरून दारात गेली आणि उन्हात बघत उभी राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "कुन्या अंगाला गेली वो?"

आम्ही दारापर्यंतच बघितलं होतं.