कुणालाही सुचेल असं

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा, म्हणजे माझा आणि बायकोचा, छोटा गाळा आहे. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजना लागणारे डिस्प्ले आम्ही बनवतो. दोघंही इंजिनिअर, पण डोकं तिचं आणि तोंड माझं.

वीज गचके खाते, जनरेटर सुरू होतो आणि त्या धांदलीत स्क्रीन जळतात. सगळे जण स्क्रीन चालू कशी राहील याच्या मागे लागले होते. हिने उलटा विचार केला. वीज डळमळली की स्क्रीन आधी काळी करायची, तिच्यात उरलेला विद्युतभार काढून टाकायचा आणि मगच पुरवठा तोडायचा. सर्किट एवढंसं, पण ते बसवल्यापासून जळलेली स्क्रीन परत आलेली नाही.

पेटंटच्या सुनावणीला आम्ही गाळ्यातूनच व्हिडिओवर बसलो. अधिकाऱ्यांनी विचारलं, "यात नवीन काय?" आमच्या वकीलबाई उत्तर देणार तेवढ्यात मी तोंड घातलं. "तसं अवघड काही नाही साहेब. जरा डोकं लावलं की कुणालाही सुचेल."

आमच्याकडे आपल्या माणसाचं कौतुक आपण करत नाही. पाहुण्यांनी हिची पुरणपोळी नावाजली की मीच म्हणतो, "यंदा जरा जाड झाल्यात." तीच सवय नडली. जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. अर्ज फेटाळला गेला आणि निकालात माझं वाक्य जसंच्या तसं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ही दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी सर्किटं जोडत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडायला मी कधीही तयार असतो.

आम्ही हायकोर्टात अपील केलं. परवा मुंबईला सुनावणी होती. समोरच्या वकिलांनी माझं वाक्य पुन्हा वाचलं आणि मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. पुढची तारीख पडली.

येताना कसारा घाटात गाडी ट्रकांमागे अडकली. तेव्हा हिने विचारलं, "खरं सांग. कुणालाही सुचलं असतं?"

"नाही," मी म्हणालो. "तुझ्या आधी मीच त्यावर डोकं फोडत होतो. मला नाही सुचलं."

"मग हे का नाही सांगितलंस?"

नम्रपणा म्हणून, असं सांगणार होतो. इतके दिवस स्वतःला तेच सांगत आलो होतो. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि तिची मला आता फार शरम वाटते.

"आपल्याला जमलं नाही, बायकोला जमलं, हे साहेबांसमोर कसं सांगायचं?"

 तिने आपला फोन माझ्या हातात दिला.

"वकीलबाईंना लाव. आणि या वेळी पूर्ण सांग."