थोमा हॅरोत आला तेव्हा

नगर सोडलं त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती आणि मी आतल्या खोलीत पलंग धरून बसले होते. मला लीड्सला जायचं नाही, नर्सचं काम इथंही आहे, असं रडून सांगत होते. तुम्ही भावंडं हसत होता, आठवतं ना? अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "थोमालाही हिंदुस्थानात यायचं नव्हतं. आला की नाही शेवटी?"

आपले अण्णा ख्रिस्ती कीर्तनकार, आणि येशूचा शिष्य प्रेषित थोमा याचं आख्यान हा त्यांचा हुकमी एक्का. हिंदुस्थानात जायला तो तयार नव्हता, म्हणून प्रभूनं त्याला सुतार म्हणून इकडे येणाऱ्या एका व्यापाऱ्याला विकलं. राजानं महालासाठी दिलेलं धन त्यानं गोरगरिबांत वाटून टाकलं. शेवटी भाल्यानं मारला गेला, तरी मागे फिरला नाही.

मीही फिरले नाही. अर्थात मला भाला कुणी मारला नाही, फक्त प्रश्न मारले. लीड्सनंतर लंडनच्या हॅरोत स्थिरावले, तर इथली मराठी मंडळी म्हणतात, "तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!" चर्चमधल्या बायका विचारतात, कन्व्हर्ट कधी झालात? इतकी वर्षं दोन्हीकडच्यांना हसून चहा पाजत आले.

अण्णा गेले आणि ते आख्यान माझ्या एकटीच्या डोक्यात उरलं, तेही अर्धंमुर्धं. तुमच्यापैकी कुणी शिकलं नाही. मी नाही केलं तर संपलंच. म्हणून थोमाच्या सणाला चर्चमध्ये कीर्तन करू द्या म्हटलं. कमिटीच्या मार्गारेटबाई म्हणाल्या, लव्हली, पण पाच मिनिटं, इंग्लिशमध्ये, आणि त्या झांजा नकोत; जरा रेस्पेक्टफुल हवं.

मी म्हटलं, "मार्गारेट, थोमा इंग्लंडला आलाच नाही. आमच्याकडे आला. झांजा वाजणार."

आणि वाजल्या. चपला काढून, पदर खोचून उभी राहिले. आवाज कुकरच्या शिट्टीसारखा. एक कडवं विसरले, तिथं माझंच घातलं. इथंच जन्मलेली माझी रूथ झांजा वाजवता वाजवता हळूच म्हणाली, "आई, स्लो डाउन, तुला दम लागतो." मी आणखी चढा सूर लावला. पाऊण तास. मार्गारेटबाई शेवटपर्यंत बसून होत्या. आवडलं की दार दूर होतं, देव जाणे.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? नगरला येईनच. पण घर आता मी ठरवते. ज्या जमिनीवर अनवाणी उभी राहून मी आपलं आख्यान पूर्ण सांगितलं, ती माझी. परवानगी नंतर मागू.