पीठ मोजलं का भाकर?

कुणी कसलाही आकडा सांगितला की ताराकाकी आधी विचारते, “मोजलं कुणी?” मग तो पाकिटावर छापलेला असो, नाहीतर माझ्यासारख्या बी.एस्सी. झालेल्याने सांगितलेला. निरगुडसरला तिचं घर आमच्या घराला लागूनच. शिक्षण चौथीपर्यंत.

तिची सोनल आठवीत असताना तिला साखरेचा आजार निघाला. इन्शुलिनशिवाय गत्यंतर नाही असा. मंचरच्या डॉक्टरांनी शिकवलं, की ताटातल्या अन्नात पिष्ट किती ते काढायचं आणि त्यावर इंजेक्शनचं माप ठरवायचं. काकीने छोटा काटा आणला, वही घेतली आणि माझ्याकडे आली. “सुन्या, तू शिकलेला हायेस. बाजरीत किती, बघून दे.”

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. मोबाइलवर शंभर ग्रॅमचा आकडा सापडला, तो मी ऐटीत लिहून दिला. काकीने भाकरी काट्यावर ठेवली, हिशोब केला, इंजेक्शन दिलं. दीड-दोन तासांत सोनल घामाने भिजली. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. काकीने तिला साखरेचं पाणी पाजलं आणि मांडीवर घेऊन बसली. पोरगी सावरली. मी दारात उभा होतो.

सकाळी गेलो तर काकी काट्यापुढेच. शंभर ग्रॅम पिठाची भाकरी भाजून तिने पुन्हा काट्यावर ठेवली होती.

“शंभर टाकलं, दीडशे भरलं. वरचं पन्नास कुठनं आलं?”

“पाणी,” मी म्हणालो.

“मंग आपण पाण्याला बी इंजेक्शन दिलं व्हय?”

मी मोबाइल काढला. आकडा कोरड्या पिठाचा होता. तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. मी वाचलं नव्हतं. माफी मागायला लागलो तर म्हणाली, “तुझं एकट्याचं न्हाई. मी बी इचारलं न्हाई, पीठ मोजलं का भाकर. आता बस, बाकीचं काढू.”

मग भात, मटकी, पोहे, सगळं कच्चं आणि शिजवून मोजलं. मोबाइलवर तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तेव्हा म्हणाली, “तिघांतलं दोघं तरी थापा मारत्यात.” शेवटी डॉक्टरांकडचं सरकारी प्रयोगशाळेचं जाडजूड पुस्तक आणून मी वाचायचो, ती लिहायची. वर जेवणानंतर सोनलचं रक्त तपासायची. “पुस्तक एक सांगतं, पोरीचं बोट एक सांगतं. दोन्ही लिहायचं.”

डॉक्टरांनी ती वही पानन् पान पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. “झेरॉक्स काढू का? बाकीच्या आईबापांना देतो.”

“काढा की. पण सांगा त्यास्नी, आमची भाकर जाड आसती.”

माझ्या कॉलेजात प्रयोगशाळा होती. पण प्रयोग म्हणजे काय, हे मला त्या चुलीपुढे कळलं.

गेल्या वर्षी सोनलला जुन्नरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला वसतिगृहात सोडायला काकीबरोबर मीही गेलो. काकी थेट मेसच्या स्वयंपाकघरात.

“काय मावशी, तपासणीला आलाय का?” स्वयंपाकीण म्हणाली.

“तपासणीलाच. कणीक किती घेतली, बाई?”

ती हसली, पण परात बाजूला सारून तिने जागा केली. मात्र या वेळी काकीने काट्याला हात लावला नाही. मोजलं सोनलने, चपात्यांचा हिशोब तिनेच केला, इंजेक्शन तिनेच घेतलं. ती जेवली. दोन तास काकी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. चहासुद्धा नको म्हणाली. सोनलने बोट टोचलं आणि मशीन तिच्यापुढे धरलं.

काकीने आकडा पाहिला आणि पिशवी उचलली. “चल सुन्या, नारायणगावची यष्टी चुकंल.”