थर्टी-थर्टी आणि मासळीचा फ्रीझर

"निकम, त्यांना मॅग्नम दाखव. नवा पीस आलाय," मॅनेजर थॉमस माझ्या कानाशी पुटपुटला. बू सैफ अजून खुर्चीत टेकलेही नव्हते. त्यांची जुनी रायफल मात्र कापडातून सुटून माझ्या टेबलावर आली होती.

मी आखातातल्या रास अल खैमाच्या एका शूटिंग क्लबमध्ये आर्मरर आहे. आर्मरर म्हणजे बंदुकांचा मेकॅनिक. मूळचा साताऱ्याकडचा. सतरा वर्षं फौजेत हेच केलं, आता बावीस वर्षं इथे करतोय. बू सैफ म्हणजे सैफचे वडील. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. वय अडुसष्ट, आमचे जुने मेंबर. इथली जुनी माणसं हिंदी बोलतात, आपल्यापेक्षा बिनधास्त बोलतात.

"कॅनडा जाता मैं. मूस मारने को. ये बंदूक से मारेगा," ते म्हणाले.

मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. घोड्याएवढं उंच, वजन चार-पाचशे किलो. आणि टेबलावरची रायफल होती लिव्हर-अ‍ॅक्शन, थर्टी-थर्टी काडतुसाची. ट्रिगरखालचा दांडा खाली ओढून वर केला की नवं काडतूस आत जातं. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. त्यामुळे गोळीला टोक ठेवता येत नाही. टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचलं आणि धक्का बसला तर तिथेच बार उडायचा. म्हणून गोळी बोथट. बोथट म्हणून हवेत लवकर मंदावते आणि खाली पडते. सव्वाशे वर्षांपूर्वीचं डिझाइन आहे. शंभर मीटरच्या आत ठणठणीत काम करतं, त्यापुढे भरवसा धरू नये.

थॉमसने मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची नवी रायफल, पुढे केली. बू सैफनी मान राखून एक राउंड मारला आणि रायफल खाली ठेवून उजवा खांदा धरला. त्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. मॅग्नमचा धक्का म्हणजे दांडग्या बैलाची ढुशी.

"खलास," ते म्हणाले. "ये मेरे से नहीं होगा. बाप का वाला आराम से मारता है."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील तरुणपणी तेलाच्या कॅम्पवर पहारेकरी होते. तिथल्या एका अमेरिकन इंजिनिअरने जाताना त्यांना ही रायफल दिली आणि म्हणाला, ही मूस मारायची बंदूक आहे. वडिलांनी मूस कधी पाहिला नाही. मुलाला मात्र जन्मभर त्याच्या गोष्टी सांगितल्या. वडील गेले. आता बू सैफना हार्टचा त्रास सुरू झाला होता.

"डॉक्टर बोला, इस साल जाओ. अगला साल मैं कुछ नहीं बोलता."

म्हणजे हीच रायफल, हाच मोसम. नाहीतर नाही. मी नळी उजेडासमोर धरून पाहिली. आतून चकचकीत होती. बापाच्या मागे मुलाने निगा राखली होती.

"चलेगा," मी म्हणालो. "लेकिन सौ मीटर के अंदर. एक सौ एक भी नहीं."

"मेरा आँख भी उतना ही देखता है," ते म्हणाले.

तीन आठवडे आम्ही घाम गाळला. बिर्याणीच्या थर्माकोलच्या प्लेटा ऐंशी मीटरवर टांगल्या. नियम असा, की उभं राहून पाचपैकी पाच गोळ्या प्लेटमध्ये. पहिल्या दिवशी दोन लागल्या. म्हातारा पक्का हट्टी. दम लागला की खुर्चीत बसायचा, पाणी प्यायचा, "यल्ला", म्हणजे चला, म्हणून उठायचा. तिसऱ्या आठवड्यात रोज पाच लागायला लागल्या. मी रायफल साफ केली, ग्रीस भरलं, फिटनेस सर्टिफिकेटवर सही केली. फ्लाइटला चार दिवस होते.

त्या दुपारी ते नवे हातमोजे दाखवायला आले. जाड, लोकरीच्या अस्तराचे.

"कॅनडा का गाइड बोला, मायनस पंद्रह होगा," ते हसत म्हणाले.

माझी नजर टेबलावरच्या ग्रीसच्या डब्यावर गेली.

बावीस वर्षं मी इथल्या बंदुकांना एकच घट्ट ग्रीस भरतोय. वाळू, घाम आणि समुद्राच्या खाऱ्या हवेपुढे तेच टिकतं. पण घट्ट ग्रीस थंडीत गोठतं. हॅमर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारा घोडा, त्या गोठलेल्या ग्रीसमधून सावकाश येतो. ठोका हलका बसतो. काडतूस उडत नाही. समोर मूस, तीन आठवड्यांची तयारी, आणि बंदूक नुसती 'टक' करणार.

मी थॉमसकडे गेलो.

"मला ती रायफल परत उघडायची आहे. आधी थंडीत टेस्ट करायची आहे."

"सर्टिफिकेट इश्यू झालंय, निकम. फेल झाली तर आपण चुकीचं दिलं असं लिहावं लागेल."

"आपण नाही. मी दिलं. माझी सही आहे."

"थंडी कुठून आणणार? ऑक्टोबरमध्ये? इथे?"

तो प्रश्न बरोबर होता. बंदूक क्लबबाहेर न्यायची तर परवानग्यांची रांग लागते. फ्रीझर आत आणायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मी मासळी बाजारात इस्माईलभाईंकडे गेलो. ते दापोलीकडचे, तीस वर्षं इथे मासळीच्या धंद्यात आहेत.

"बंदूक ठेवणार? माझ्या फ्रीझरात?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नेतोस तर ने. पण तेलाचा वास सुरमईला लागला, तर ती सगळी सुरमई तुझ्या घरी आणून टाकीन. वहिनींना सांगून ठेव."

आडवा, पेटीसारखा फ्रीझर पिकअपमधून आला. उणे अठरा. मी बू सैफना फोन करून खरं ते सांगितलं, की चूक माझी आहे, तुमच्या देखत तपासतो. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. रायफल तोवर फ्रीझरमध्ये चांगली गारठली होती. बाहेर काढली, वीस पावलांवर नेमबाजीची रेंज, मी स्वतः मारायला उभा राहिलो. दहा काडतुसं. चार उडाली. सहांवर नुसता ठोक्याचा पुसट डाग.

मला भयंकर लाज वाटली. फौजेत असतो तर या सहीबद्दल माझ्या दंडावरच्या फिती उतरल्या असत्या.

"कितना टाइम लगेगा?" बू सैफनी विचारलं.

"दो दिन."

"मैं इधर ही बैठता है."

लिव्हर-अ‍ॅक्शन उघडणं म्हणजे जुनं घड्याळ उघडणं. बारके स्क्रू, एक निघाला की दुसरं काहीतरी सुटतं. सगळं सुटं केलं, सॉल्व्हंटमध्ये धुतलं, ग्रीसचा कण ठेवला नाही. तेलाऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड लावली. पुन्हा फ्रीझर, पुन्हा दहा. दहाही उडाली.

मी खूश होऊन रायफल टेबलावर ठेवली. पाच मिनिटांत तिला घाम फुटला. गार लोखंडावर आपली दमट हवा बसली, थेंब ओघळायला लागले. मी मुद्दाम तशीच पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवली. तासाने काढली तर हॅमर जागचा हलेना. आत बर्फ झाला होता.

"बू सैफ, उधर रात को केबिन में स्टोव्ह जलेगा. गरम होगा. बंदूक अंदर नहीं लाने का. बाहर, थंडी में, ताला लगाके रखने का."

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "बाप का बंदूक बाहर रखूँ? कुत्ते के जैसा?"

इथे माणूस मौल्यवान वस्तू उन्हातून आत आणतो, एसीत ठेवतो. त्यांचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. मी वाद घातला नाही. ओली रायफल त्यांच्या हातात दिली आणि हॅमर ओढायला सांगितला. त्यांनी दोन्ही अंगठे लावले. हलला नाही. त्यांनी रायफल टेबलावर ठेवली.

"ठीक है. बाहर," ते म्हणाले.

मी जुनं सर्टिफिकेट रद्द केलं, कारणाच्या रकान्यात 'आर्मररची चूक' असं लिहिलं आणि नवं दिलं. थॉमसने ते दोनदा वाचलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी बू सैफ कॅनडाहून परत आले. बारीक झाले होते, पण ताठ चालत होते. त्यांनी सगळं सांगितलं. शिकारीच्या चौथ्या दिवशी एक मूस दीडशे मीटरवर उभा होता. गाइड "मारा, मारा" म्हणत होता. यांनी बंदूक उचलली नाही. सहाव्या दिवशी सकाळी, उणे बारामध्ये, दुसरा साठ पावलांवर झाडीतून बाहेर आला. पहिली गोळी फुप्फुसात बसली. तो उभाच राहिला. मी सांगितलं होतं, या काडतुसाने एवढं जनावर जागच्या जागी कोसळत नाही, उभं आहे तोवर मारत राहायचं. दुसरी मारली. तो गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

"मैं उधर बैठ के रोया," त्यांनी सरळ सांगितलं. माझेही डोळे भरून आले, मी लपवले नाहीत.

मग ते म्हणाले, "निकम, एक बात. पहला दिन मैं बोला था, कॅनडा जाता. तुम सुना था."

"हां."

"फिर ग्रीस क्यों डाला?"

खरं उत्तर असं, की कॅनडा कानांनी ऐकलं, हातांनी ऐकलंच नाही. हात बावीस वर्षं जे करत आले तेच करत राहिले. आता आमच्या जॉब कार्डवर एक ओळ जास्त छापून येते: 'बंदूक कुठे वापरणार, तिथलं तापमान किती'. मेंबर भरायला कंटाळतात. थॉमस म्हणतो, सोडून दे. ती ओळ भरल्याशिवाय मी बंदुकीला हात लावत नाही.